न घासलेली भिंत

वसुधाताईंच्या गराजच्या दाराशी एक बिनझाकणाचा स्टीलचा डबा असायचा. चित्रकलेच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलाने आपलं खोडरबर त्या डब्यात टाकायचं आणि मगच आत पाऊल ठेवायचं, असा नियम होता. पेन्सिलीच्या टोकालाच रबर बसवलेलं असेल, तर ताई ते चिमटीने उपटून काढायच्या. आमची ईरा पहिल्यांदा वर्गाला गेली तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या नव्याकोऱ्या पेन्सिलीवर गुलाबी रंगाचं, शिंगवाल्या घोड्याच्या आकाराचं रबर होतं. ते डब्यात पडलेलं बघून तिचे डोळे भरून आले.

"बट व्हॉट इफ आय मेक अ मिस्टेक?" तिने विचारलं.

"करशील की," ताई म्हणाल्या. "मग शेजारी दुसरी रेघ मार. पहिलीला राहू दे तिथंच. तिनं काय तुझं घोडं मारलंय?"

ईराने माझ्याकडे बघितलं. मारलेला घोडा म्हणजे डब्यातला तो घोडा, असा तिचा समज झाला आणि ती खरोखरच रडायला लागली. मी समजूत घालायला पुढे झाले, तर ताईंनी मला हातानेच थांबवलं. "तू जा घरी, माधवी. आई समोर असली की पोरांना रडायला जोर येतो." आमची ओळख होऊन तेव्हा जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मी मुकाट्याने घरी गेले.

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या एकाच वसाहतीत राहायचो. सगळी घरं इतकी सारखी की पाहुणे हमखास शेजारच्यांच्या दाराची बेल वाजवत. सकाळी बहुतेक घरांतून एक गाडी ऑफिसकडे निघायची आणि दुसरी मुलांना शाळेत सोडायला. ताईंच्या घरातून एकच गाडी निघायची, त्यांचे यजमान श्रीरंगराव यांची. ते एका औषध कंपनीत डेटाबेसचं काम करायचे. ताई त्यांच्या व्हिसावर अवलंबून होत्या आणि त्या काळात अशा बायकांना नोकरी करायची परवानगीच नव्हती. खरं म्हणजे ताई आर्किटेक्ट. मूळच्या मिरजेच्या, शिक्षण पुण्यात, लग्नाआधी तिथेच एका चांगल्या ऑफिसात काही वर्षं काम केलेलं. "दोन वर्षं कळ काढ, तोवर आपलं ग्रीन कार्ड येईल, मग तू मोकळी," असं श्रीरंगराव लग्नाच्या वेळी म्हणाले होते. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं. मी ताईंना भेटले तेव्हा त्यांचा मुलगा निहार तिसरीत होता, आणि ग्रीन कार्डाची रांग होती तिथेच होती.

वर्गासाठी ताई पैसे घेत नसत, कारण घेतले असते तर ती कमाई ठरली असती. म्हणून आम्ही आया काही ना काही खायला करून न्यायचो. त्याची त्या घराला गरजही होती. ताईंना स्वयंपाकात गोडी नव्हती असं नाही, पण फोडणी टाकली की त्यांना काहीतरी सुचायचं, आणि सुचलेलं कागदावर उतरेपर्यंत मोहरीचा कोळसा झालेला असायचा. "आमच्याकडे पोहे दोन प्रकारचे असतात, करपलेले आणि तू आणलेले," असं त्या मला म्हणायच्या. बुटक्या, गव्हाळ, केस मागे घट्ट बांधलेले, त्यात नेहमी एक पेन्सिल खोचलेली. बोलणं तोडून टाकणारं. मुलांचं कौतुक करणं त्यांना जमायचंच नाही. चित्र कितीही सुंदर असो, त्या म्हणायच्या, "ठीक आहे." एकदा एका मुलाला "बरं जमलंय" म्हणाल्या, तर तो पळत घरी गेला आणि त्याच्या आईने मला फोन करून विचारलं, की बरं जमलंय म्हणजे नक्की चांगलं ना?

त्या देवळाबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते एका वसंतातल्या शनिवारी. आमच्याकडे त्या दिवसांत पाइनच्या झाडांचे पराग उडतात. गाड्या, पायऱ्या, पत्रपेट्या, सगळ्यावर हळदीसारखा थर बसतो. मी ईराला आणायला गेले, गाडी ताईंच्या दारात लावली, तर ताई मुलांना घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी बोटाने रेघ ओढली. मग दुसरी. बघता बघता त्या पिवळ्या धुळीत एक उंच खांब उभा राहिला. खांबाच्या दोन्ही कडा सरळ वाटत होत्या, पण नीट बघितलं तर मधे किंचित बाहेर आलेल्या.

"खांबाला पोट असतं," त्या मुलांना म्हणाल्या. "अगदी सरळ काढला तर तो लांबून खंगल्यासारखा दिसतो. म्हणून बांधणाऱ्यांनी त्याला थोडं पोट दिलं."

"लाइक बाबा," निहार म्हणाला. मुलं हसली.

"बाबांचं मापात नाही. ह्याचं मापात आहे," ताई म्हणाल्या, आणि गाडीला टेकून त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

तुर्कस्तानात समुद्राजवळ दिदिमा नावाचं गाव आहे. फार पूर्वी तिथे ग्रीक लोक राहत. त्यांनी अपोलो देवाचं एक देऊळ बांधायला घेतलं. इतकं मोठं, की त्याच्या मधल्या भागावर छप्पर घालायचा विचारही कुणी केला नाही. बाहेर खांबांचं रान, खांबांमधून काळोख्या उतरत्या बोळातून आत जायचं, आणि एकदम उघड्या आकाशाखाली यायचं. चारी बाजूंना उंच भिंती आणि मधे देवाचं छोटंसं घर. ज्यांनी पाया घातला त्यांचे नातू म्हातारे झाले, त्या नातवांचे नातू दगड घडवत राहिले, काम शतकानुशतकं चाललं आणि तरी पुरं झालं नाही.

"डिड दे रन आउट ऑफ मनी?" कुणीतरी विचारलं.

"पैसे संपले, राजे बदलले, लढाया झाल्या," ताई म्हणाल्या. "आणि शेवटी तर देवच बदलला. लोक दुसऱ्या देवाला मानायला लागले. मग कोण बांधतंय?"

"दॅट्स सो सॅड," ईरा म्हणाली.

"थांब की जरा. पुढचं ऐक." ताईंनी बॉनेटवरच्या खांबाकडे बोट केलं. "एवढं मोठं देऊळ बांधलं, पण त्याचा नकाशा कुठंच सापडेना. शिकलेली माणसं म्हणायला लागली, की हे लोक नकाशे काढतच नसतील. मग अलीकडे कुणीतरी अभ्यासक तिथं आतल्या भिंतीसमोर उभा होता. ऊन तिरकं पडलं होतं. त्याला भिंतीवर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. बघतो तर काय, सगळा नकाशा भिंतीवरच. खांब, त्याची बैठक, त्याचं पोट, सगळं दगडावर कोरून ठेवलेलं. कारागीर त्यावरून माप घ्यायचे. काम संपलं की भिंत घासून गुळगुळीत करायची, म्हणजे रेघा आपोआप जायच्या. बाकीच्या देवळांत तसंच झालं असणार. इथं भिंत घासायची राहिली."

त्या दिवशी मी गाडी धुतली नाही. सोमवारी तशीच ऑफिसला घेऊन गेले, आणि पार्किंगमध्ये दोघातिघांनी मला विचारलं, की बॉनेटवर हे काय काढलंय? बुधवारी पाऊस आला आणि खांब गेला.

पुढे हळूहळू मला बाकीचं कळलं. कॉलेजात असताना वास्तुकलेच्या इतिहासाच्या तासाला ताईंच्या सरांनी त्या भिंतीचं छायाचित्र पडद्यावर दाखवलं होतं. पडद्यावर नुसती करडी भिंत दिसत होती. सर म्हणाले, रेघा आहेत, पण छायाचित्रात येत नाहीत, जाऊन बघाव्या लागतात. वर्गातली बाकीची मुलं पुढच्या चित्राची वाट बघत होती. ताई त्याच भिंतीपाशी राहिल्या. त्यावर पुढे अभ्यास करायचं त्यांच्या मनात होतं, पण आधी नोकरी आली, मग लग्न, मग अमेरिका. इथे आल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन त्या देवळावरची पुस्तकं शोधून काढली. जर्मन येत नसताना जर्मन पुस्तकातल्या आकृत्या त्या तासन्‌तास बघत बसायच्या. "आमच्या घरात चौथं माणूस आहे," श्रीरंगराव म्हणायचे. "तुर्कस्तानात राहतं, पण जेवायला इथंच असतं." स्वतः त्यांना देवळात काडीचा रस नव्हता. दगड ते दगड, असं त्यांचं मत. त्यांना क्रिकेट आवडायचं, आणि जगातली प्रत्येक गोष्ट वेळेत संपावी असं वाटायचं.

वर्गावरून एकदा वाद झाला. वसाहतीतल्या हेमांगीच्या मुलाचं चित्र शाळेच्या प्रदर्शनात जायचं होतं. चित्र छान होतं, पण त्यावर आधीच्या रेघा तशाच दिसत होत्या. हेमांगी म्हणाली, "ताई, एवढं क्लीन करून द्या ना. मी ते फ्रेम करणार आहे." ताई म्हणाल्या, "स्वच्छ हवं असेल तर दुकानात छापील मिळतं." हेमांगीने मुलाला वर्गातून काढलं आणि ताई फार आखडू आहेत अशी कुजबुज सुरू झाली. दोन दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी जास्त बोलले का गं?" मी उत्तर देण्याच्या आत त्याच म्हणाल्या, "नाही. बरोबरच बोलले." आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना लागलं होतं. पण त्या हेमांगीकडे गेल्या नाहीत.

मग एके वर्षी नियम बदलला आणि ताईंसारख्या बायकांना काम करायची परवानगी मिळाली. जवळच्या रॉली शहरात एका वयस्कर आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस होतं, तिथे त्यांना नोकरी लागली. मी त्यांना तितकं आनंदी आधी कधीच बघितलं नव्हतं. वर्ग त्यांनी रविवारवर नेला. सकाळी आमच्या गाड्या एकाच सिग्नलला थांबायच्या. शेजारच्या गाडीत ताई, इस्त्रीचा कुडता, केसांत तीच पेन्सिल, एका हातात टोस्ट. एकदा काच खाली करून मला म्हणाल्या, "सकाळी घाईत असणं किती छान असतं गं." मला रोज त्या घाईचा वैताग यायचा. त्या दिवशी सिग्नल हिरवा झाला तरी मी जरा वेळ तशीच बसून राहिले आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

एका लहान गावाच्या वाचनालयाचा विस्तार करायचा होता, त्यातली मुलांची खोली ताईंकडे होती. खिडक्या किती खाली घ्यायच्या याचा विचार करताना त्यांनी ईराला आणि तिच्या मैत्रिणींना जमिनीवर बसवून त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली होती. "बसलेल्या पोराला झाड दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना काय, कुठूनही दिसतं."

हे सगळं नीट चाललेलं असताना मिरजेहून फोन आला. ताईंचे वडील आजारी होते आणि त्यातून उठतील असं वाटत नव्हतं. अडचण अशी, की ताईंच्या पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपला होता. इथे राहायला हरकत नव्हती, पण एकदा देशाबाहेर पडलं की परत येण्यासाठी नवा शिक्का घ्यावा लागणार, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा दोघांचं बोलणं झालं.

"अडकशील तू, वसू," श्रीरंगराव म्हणाले. "नोकरी जाईल. थोडं थांबून बघू."

"कशासाठी थांबायचं? ते गेल्यावर जाऊ का?"

श्रीरंगरावांनी उठून लॅपटॉप उघडला आणि तिकीट काढलं.

वडील त्यानंतर काही आठवडे जगले. ताई त्यांच्या उशाशी होत्या. नंतरचं मात्र श्रीरंगराव म्हणाले होते तसंच झालं. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळेना, मिळाली ती पुढे गेली, मग आणखी काही तपासणी निघाली. महिने गेले. रॉलीच्या ऑफिसने आधी वाट बघितली, नंतर काम दुसऱ्या कुणाला दिलं. इथे निहार तेरा वर्षांचा होता. आठवड्यातून दोनतीनदा तो आमच्याकडे जेवायचा. ताटात वाढलं ते खायचा, थँक यू मावशी म्हणायचा, आणि आईबद्दल विचारलं की खांदे उडवायचा.

अखेर शिक्का मिळाला. तिकीट निघालं ते इस्तंबूलवरून. त्या संध्याकाळी मी निहारचा डबा द्यायला गेले होते. श्रीरंगराव फोनवर ताईंना सांगत होते, "ऐक माझं. इस्तंबूलला उतर. दोन दिवस राहा, तुझं देऊळ बघ आणि मग ये. पुढचं तिकीट मी बदलतो. आता इथे काही घाई नाहीये." शेवटचं वाक्य बोलल्यावर ते थांबले. घाई का नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मी आणि निहार त्यांना आणायला विमानतळावर गेलो, कारण श्रीरंगराव ऑफिसात अडकले होते. ताई ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या विमानानेच आल्या. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "उतरला नाहीत का?"

"इस्तंबूलला काचेपाशी बसले होते," त्या म्हणाल्या. "समोर पाटीवर इझमीरचं विमान दिसत होतं. तिथूनच पुढं जायचं असतं. गेटसुद्धा जवळच होतं."

"मग?"

ताईंनी मागे वळून निहारकडे बघितलं. त्या नव्हत्या तेवढ्या काळात तो हातभर वाढला होता. "परवा ह्यानं फोन उचलला," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं श्रीरंगच बोलतोय. आवाज फुटलाय ह्याचा. आणि मी तिथं नव्हते." निहार मागून म्हणाला, "आई, इट्स ओके." तो आवाज खरोखरच मोठ्या माणसाचा होता.

त्यानंतरचा काळ त्या घरासाठी बरा नव्हता. ताई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या श्रीरंगरावांशी जरुरीपुरतंच बोलायच्या, आणि तेही पुष्कळदा निहारमार्फत. "बाबांना सांग, गाडीत पेट्रोल नाहीये." बाबा तिथेच सोफ्यावर बसलेले असायचे. दुसरी नोकरी शोधायची ताईंची इच्छा राहिली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "परत अर्ध्यात सोडायला लागलं तर? एकदा पुरे झालं." त्या वाचनालयाचं पुढे काम झालं. मुलांच्या खोलीच्या खिडक्या ताईंनी आखल्या तशाच खाली घेतल्या होत्या. मी सुचवलं, आपण जाऊन बघून येऊ. त्या नाही म्हणाल्या.

एकदा श्रीरंगराव एकटेच आमच्याकडे मॅच बघायला आले होते. मधल्या विश्रांतीत सगळे चहाला उठले, ते बसून राहिले. मी कप दिला तेव्हा टीव्हीकडे बघत म्हणाले, "मी तिला दोन वर्षं म्हणालो होतो." चहा पिऊन त्यांनी कप नेऊन सिंकमध्ये ठेवला.

पण ताईंचा वर्ग बंद झाला नाही, आणि मला वाटतं त्यानेच त्यांना पुन्हा माणसांत आणलं. नवी मुलं आली. जुनी मुलं मोठी झाली, गाड्या चालवायला लागली, तरी रविवारी येऊन मागच्या बाकावर बसायची. हेमांगीचा मुलगाही एक दिवस स्वतःहून आला. ताई त्याला म्हणाल्या, "बस. कागद घे." त्यांनी दुसरं काहीही विचारलं नाही. आमच्या ईराचा हात तोवर चांगलाच बसला होता. देवळाची गोष्ट दरवर्षी नव्या मुलांना सांगितली जायची, आणि ईरा ती मधेमधे पुरी करायची, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. घरातला अबोलाही हळूहळू सैल झाला. कसं, ते मला माहीत नाही. एवढंच दिसलं, की गाडीत पेट्रोल नसल्याचं ताई पुन्हा थेट सांगायला लागल्या.

निहार कॉलेजात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी श्रीरंगरावांच्या कंपनीत माणसं कमी केली, त्यात ते गेले. व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला दोन महिने मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. पंचावन्नी ओलांडलेल्या माणसाला तेवढ्यात कोण घेणार? एका संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले आणि श्रीरंगराव म्हणाले, "आम्ही पुण्याला परत जायचं ठरवलंय." निहार इथेच जन्मलेला, त्याचं शिक्षण इथेच पुरं होणार होतं. सुट्टीत तो आमच्याकडे येईल असंही तिथल्या तिथे ठरलं.

निरोपसमारंभ करायला ताईंनी साफ नकार दिला. तरी शेवटच्या रविवारी गराजच्या बाहेर दाढी फुटलेली, उंच झालेली मुलं उभी होती. कुणी बॉस्टनहून आला होता, कुणी शार्लटहून. ताईंनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि नेहमीसारखा वर्ग घेतला. जाताना प्रत्येकाचं चित्र बघून म्हणाल्या, "ठीक आहे." ईरा घरी येऊन मला म्हणाली, "आई, तिने मला पण ठीक आहेच म्हटलं." आणि ती हसतही होती आणि रडतही होती.

विमानतळावर मीच सोडायला गेले. बॅगा देऊन झाल्यावर ताईंनी मला बाजूला घेतलं. "इस्तंबूलला तीन दिवस थांबतोय," त्या म्हणाल्या. "श्रीरंगनं मला न विचारता सगळं बुक केलंय. हॉटेलसुद्धा. मला काल सांगितलं." त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा दिसत होता. "एवढी वर्षं झाली, माधवी. आता डोळे पण पूर्वीसारखे नाहीत."

"दिसेल तेवढं बघा," मी म्हणाले. त्यांनी माझा हात दाबला आणि त्या गेल्या.

दोन दिवसांनी मी ऑफिसात होते, सकाळचे दहा वाजले असतील, तर ताईंचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन बाहेर पार्किंगमध्ये गेले. तिकडे संध्याकाळ होत आली होती. ताईंच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती आणि मागे प्रचंड उंच भिंत. त्यांनी फोन फिरवून मला सगळं दाखवलं. उभे असलेले तीन खांब, इतके उंच की त्यांची टोकं फोनमध्ये मावेनात. भूकंपात पडलेला एक खांब, त्याचे गोल दगड भाकऱ्यांची चळत कलंडावी तसे एकमेकांवर रेललेले. काळोखा बोळ. आतलं मोकळं अंगण आणि त्यात वाढलेलं गवत. सगळं आहे, सगळं तसंच आहे, असं त्या सारखं म्हणत होत्या.

"आणि रेघा?" मी विचारलं.

"नाही दिसल्या गं," ताई म्हणाल्या. "फाटक उघडल्यापासून आलेय. पुस्तकात होती ती जागा माहितीय मला. सगळी भिंत हातभर अंतरावरून बघितली. दुपारी ऊन डोक्यावर होतं तेव्हा तर नुसता दगड. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. इथला रखवालदार पण म्हणाला, आहेत, पण प्रत्येकाला दिसत नाहीत." त्या हसल्या. "असू दे. भिंतीसमोर बसून डबा खाल्ला. तेवढं झालं."

ताईंच्या मागे, थोड्या अंतरावर, श्रीरंगराव भिंतीच्या बुडाशी बसलेले दिसत होते. ते गुडघे चोळत होते आणि दिवसभराच्या उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी विचारलं, "श्रीरंगरावांना आवडलं का?"

"तो मघापासून तिथंच बसलाय. दगडाला टेकून."

तेवढ्यात तिकडून त्यांची हाक आली. "वसू. इकडे ये."

"आले. माधवीशी बोलतेय."

"वसू, तू आत्ता ये. अशी माझ्या शेजारी खाली बस. उभं राहून नाही दिसत."

फोन एकदम हलला. मला आकाश दिसलं, मग गवत, मग श्रीरंगरावांचे धुळीने माखलेले बूट. ताईंनी फोन खाली ठेवला असावा, कारण त्यानंतर पडद्यावर नुसती एक दगडाची कड आणि निळं आकाश राहिलं. आवाज मात्र ऐकू येत होते.

"हे बघ. माझं बोट आहे ना, त्याच्या वर. हात लावत नाही मी. ऊन आलंय ना आत्ता कडेनं, त्यात बघ. इथून निघते, अशी वर जाते आणि मधे जरा बाहेर येते."

वाऱ्याचा आवाज येत होता.

"श्रीरंग," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "पोट आहे त्याला."

"हो. तेच दाखवतोय."

"दुसरी पण आहे. तिच्या शेजारी. ही बघ."

"ती मला नव्हती दिसली," श्रीरंगराव म्हणाले.

मी पार्किंगमध्ये उभी होते. आजूबाजूला लोक गाड्या लावत होते, लॅपटॉपच्या पिशव्या खांद्याला अडकवून आत जात होते. मला आत मीटिंग होती, पण मला फोन बंद करवेना. थोड्या वेळाने पडद्यावर श्रीरंगरावांचा चेहरा आला. चष्म्यावर धूळ, डोळे ओले. मला बघून ते जरा ओशाळल्यासारखे झाले.

"अरे, तू आहेस अजून," ते म्हणाले. "आम्ही नंतर करतो फोन. रखवालदार आला होता, फाटक बंद करायचं म्हणत होता. मी त्याला थांबायला सांगितलंय. बघतेय ती. बघू दे तिला."